नवं मशिन घ्यावं, की जॉब धरायची पद्धत बदलावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: सीएनसी मिलिंग मशिनवर जॉब धरायचा कसा. म्हणून ती एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे तीन व्हीएमसी आहेत. दोन पाळ्या चालवूनही माल वेळेत जात नाही. चौथ्या मशिनसाठी बँकेशी बोलणं चालू आहे. नुकताच डिप्लोमा करून कामाला लागलेला मुलगा म्हणतो, ‘बाबा, आधी फिक्श्चर बदलू, मशिनचं नंतर बघू.’ नुसत्या क्लॅम्पिंगने उत्पादन एवढं वाढतं का? (एक वाचक, शिरोली औद्योगिक वसाहत)

उत्तर : चिरंजीवांचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. आकडेच मांडून पाहू.

समजा, एका जॉबचा सायकल टाइम ५ मिनिटं आहे. झालेला जॉब सोडवायचा, चिप झाडायच्या, नवा जॉब बटाला टेकवायचा आणि चार स्ट्रॅप क्लॅम्प आवळायचे, याला ३ मिनिटं जातात. म्हणजे नगामागे ८ मिनिटं. पाळीत निव्वळ कामाची ४२० मिनिटं मिळतात असं धरलं, तर ५२ नग निघतात. आता तुम्ही वेगवान मशिन आणलंत आणि सायकल टाइम ४ मिनिटांवर आला. नगामागे ७ मिनिटं झाली, म्हणजे ६० नग. त्याऐवजी मशिन तेच ठेवलं आणि जॉब एका मिनिटात लोड होईल असं फिक्श्चर केलं, तर नगामागे ६ मिनिटं होतात आणि पाळीत ७० नग पडतात. प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नसते.

मशिनचा हप्ता रात्रंदिवस चालू असतो, पण मशिन कमावतं ते टूल धातू कापत असतानाच. बाकीच्या वेळात तुम्ही टेबल भाड्याने घेतल्यासारखं आहे. त्यामुळे माझं मत सरळ आहे: लोडिंगचा वेळ कापणीच्या वेळेच्या निम्म्याहून जास्त असेल, तर त्या जॉबसाठी नवं मशिन घेऊ नये. नव्या मशिनवरही तोच ऑपरेटर तेच चार नट त्याच स्पॅनरने आवळत बसणार.

एका फिक्श्चरवर एकाऐवजी सहा जॉब बसवले तर आणखी एक फायदा होतो. चार टूल लागणाऱ्या जॉबला, टूल बदलून पुन्हा कापायला लागेपर्यंत दर टूलमागे ८ सेकंद गेले, तर नगामागे ३२ सेकंद नुसते टूल बदलण्यात जातात. सहा जॉब एकदम लावले की तेवढेच ३२ सेकंद सहा नगांत वाटले जातात. शिवाय ऑपरेटरला सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळी मिळतात. त्या वेळात तो मागच्या नगांचे बर काढतो, मापं घेतो किंवा शेजारचं मशिन सांभाळतो. दर पाच मिनिटांनी दार उघडावं लागत असेल, तर यातलं काहीच नीट होत नाही.

हा विचार नवा नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो १९५७ मध्ये हिरोशिमा इथल्या मित्सुबिशीच्या जहाजबांधणी कारखान्यात गेले होते. तिथे डिझेल इंजिनांचे बेड एका मोठ्या प्लेनरवर कापले जात. बेड मशिनच्या टेबलावर ठेवायचा, तिथेच रेखाटणी करायची, सेंटर लावायचं आणि मग कापायला घ्यायचं. रेखाटणी चालू असताना एवढं मोठं मशिन उभं. शिंगोंनी दुसरं टेबल बनवायला सांगितलं. पुढचा बेड त्या टेबलावर बाहेरच लावून तयार ठेवायचा आणि चालू काम संपलं की टेबलासकट बदलायचा. उत्पादन ४० टक्क्यांनी वाढलं. मशिन थांबवूनच करावी लागणारी कामं कोणती आणि मशिन चालू असताना बाहेर उरकता येणारी कोणती, ही त्यांची विभागणी पुढे जगभर शिकवली गेली. तिची सुरुवात १९५० मध्ये त्याच शहरातल्या तोयो कोग्यो कारखान्यात झाली होती. तिथे एका मोठ्या प्रेसवर डाय बदलताना बसवायचा एक बोल्ट सापडत नव्हता. कामगार शोधाशोध करून दुसऱ्या प्रेसचा लांब बोल्ट घेऊन आला आणि तो कापून, आटे पाडून बसवला. या सगळ्यात तासाहून अधिक वेळ गेला आणि तोवर प्रेस बंद होता. आपल्याकडच्या किती शॉपमध्ये टी-नट आणि स्टड आजही असेच शोधावे लागतात, हे तुम्हीच आठवून पाहा. प्रत्येक मशिनला त्याचे स्वतःचे स्टड, नट आणि हील ब्लॉक मोजून टांगून ठेवायला जवळपास काहीच खर्च येत नाही. सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न : व्हाइस कितीही घट्ट आवळला तरी जॉब खालच्या पॅरललवरून उचलला जातो. हातोड्याने ठोकून बसवला की पुन्हा उचलतो. जाडीत पाच-सहा शतांशचा फरक येतो. व्हाइस खराब झालाय का? (भोसरी)

उत्तर : बहुधा व्हाइस खराब नाही, त्याची रचनाच तशी आहे. हलता जॉ पुढे-मागे सरकायचा तर त्याला गाईडमध्ये थोडी फट लागतेच. स्क्रू त्याला खालच्या अंगाने ढकलतो आणि जॉब वरच्या अंगाला अडवतो. त्यामुळे जॉ मागे कलतो आणि कलताना जॉबची ती बाजू वर उचलतो. जितकं जास्त आवळाल तितकं जास्त कलणार.

मशिन शॉपसाठी बनवलेल्या चांगल्या व्हाइसमध्ये म्हणूनच हलत्या जॉच्या आत तिरकी बैठक असते. स्क्रू जॉला पुढे ओढतो तेव्हा ही तिरकी बैठक त्याला खालीही दाबते. पुढच्या जोराच्या साधारण निम्मा जोर खाली मिळतो. तुमचा व्हाइस साध्या रचनेचा असेल, तर मिलिंगसाठी तो बदलावा. मशिन शॉपमध्ये इतक्या लवकर वसूल होणारी खरेदी क्वचितच असते. तोवर एवढं करा: जॉबच्या वरच्या पृष्ठावर डायल लावा आणि आवळताना सुई किती फिरते ते पाहा. मग अर्धवट आवळून नायलॉनच्या हातोड्याने जॉब खाली बसवा आणि उरलेलं टॉर्क रेंचने आवळा. पूर्ण आवळल्यानंतर ठोकू नका, जॉब उसळून तसाच राहतो. दोन्ही पॅरलल बोटाने हलवून पाहा. एकही हलला तर जॉब बसलेला नाही.

टॉर्क रेंचवर माझा विशेष आग्रह आहे. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर अंगापिंडाने दणकट आणि रात्रीचा किरकोळ असेल, तर जॉबची मापं पाळीनुसार बदलतात आणि दोष मशिनवर येतो.

करवतीने कापलेला खडबडीत तुकडा असेल, तर हलत्या जॉच्या बाजूला एक गोल सळई आडवी ठेवून आवळा. सळई एका रेषेतच टेकते. त्यामुळे जॉबचं कापलेलं तोंड तिरकं असलं तरी समोरची बाजू स्थिर जॉवर पूर्ण बसते. आणि कापण्याचा जोर नेहमी स्थिर जॉच्या दिशेने जाईल अशी टूलची वाट आखा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. मशिनच्या पॅनेलवरचा फीड ओव्हरराइडचा नॉब कुठे आहे ते जाऊन बघा. पुष्कळ शॉपमध्ये तो ६० ते ७० टक्क्यांवर कायमचा बसलेला असतो. विचारलं की ऑपरेटर सांगतो, ‘शंभरवर ठेवलं तर जॉब सरकतो.’ त्याचा अनुभव खरा आहे. व्हाइसने २ टनांचा जोर लावला तरी जॉबला आडवा अडवून धरणारा जोर तेवढा नसतो. कूलंटने ओले झालेले गुळगुळीत पोलादी जॉ असतील तर घर्षणाचा गुणांक ०.१२ च्या आसपास धरावा. दोन जॉ मिळून साधारण ४८० किलोचाच रोध मिळतो. त्यात कटरचे धक्के येत राहतात आणि पात्याची धार बोथट होत गेली की जोर वाढत जातो. म्हणून दातेरी जॉ किंवा डव्हटेलने धरलेला जॉब वेगळा वागतो. तिथे दात धातूत रुतलेले असतात, सगळा भार घर्षणावर राहत नाही. धरायला अवघे ३ मिलिमीटर मिळाले तरी पूर्ण फीडवर काम चालतं आणि वरचा सगळा जॉब एकाच सेटिंगमध्ये कापता येतो. नॉब ६५ वरून १०० वर गेला, तर कापणीचा वेळ तिथल्या तिथे एकतृतीयांशाने कमी होतो.

प्रश्न : आमचं काम कास्टिंगचं आहे. पहिल्या ऑपरेशनला काही नगांवर माल जास्त निघतो, तर काही नगांवर काळं राहतं. फाउंड्री म्हणते मशिनिंग चुकतंय, आम्ही म्हणतो कास्टिंग चुकतंय. (कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत)

उत्तर : बहुतेक वेळा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त दोघांचे डेटम वेगळे असतात.

कोणतीही वस्तू अवकाशात सहा तऱ्हांनी हलू शकते: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. हे सहाही थांबवायला सहाच बिंदू लागतात. खालच्या पृष्ठावर तीन, लांब बाजूवर दोन आणि आखूड बाजूवर एक. मशिन शॉपमध्ये याला ‘३-२-१’ म्हणतात. खाली तीनच का? तिपाई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल मात्र फरशी जरा उंचसखल असली की डुगडुगतं. कच्च्या कास्टिंगखाली चार पक्के पॅड दिले की नग कुठल्या तरी तीनच पॅडवर बसतो, आणि ते कोणते तीन हे प्रत्येक नगागणिक बदलतं. चौथ्यावर क्लॅम्प आवळला की कास्टिंग वाकतं. सोडलं की ते मूळ आकारात परत येतं आणि तुम्ही कापलेलं सपाट पृष्ठ वाकडं होतं. चौथ्या जागी आधार हवाच असेल, तर तो समायोज्य ठेवा. आधी जॉब तीन पॅडवर बसवा, मग तो आधार वर आणून हलका टेकवा आणि लॉक करा.

आता मुख्य मुद्दा. हे सहा बिंदू कास्टिंगवर नेमके कुठे आहेत, ते फाउंड्रीला आणि पॅटर्न बनवणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. साच्याचे दोन भाग असतात आणि त्यांच्यात थोडंफार सरकणं होतंच. तुमचे तीन पॅड वरच्या भागात तयार झालेल्या पृष्ठावर आणि बाजूचे दोन खालच्या भागात तयार झालेल्या पृष्ठावर असतील, तर साचा जितका सरकेल तितकी चूक थेट तुमच्या मापात येते. पार्टिंग लाइनवर तर लोकेटर कधीच ठेवू नये. ती ग्राइंडिंगने साफ केलेली असते आणि दर नगाला वेगळी असते. रायझर आणि गेट तोडलेली जागाही तशीच. शक्यतो सगळे बिंदू साच्याच्या एकाच भागात घ्या, एकमेकांपासून जमेल तितके लांब ठेवा आणि पॅड लहान, कडक केलेले, चिप अडकणार नाही असे बनवा. लोकेटरचा पॅड रुपयाएवढा पुरतो. मोठा केला की एखादी चिप त्याच्यावर बसते आणि संपूर्ण नग तिरका होतो.

कोल्हापूरच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना इथे मोठा फायदा आहे. फाउंड्री, पॅटर्न शॉप आणि मशिन शॉप बहुधा एकमेकांपासून काही किलोमीटरच्या आत असतात. तिघांनी एका टेबलाभोवती बसून ड्रॉइंगवर हे सहा बिंदू लाल पेनने ठरवावेत. फाउंड्रीचं इन्स्पेक्शन आणि तुमचं फिक्श्चर एकाच सहा बिंदूंवर उभं राहिलं की ‘चूक कोणाची’ हा वाद मोजून सोडवता येतो. नवीन पॅटर्न व्हायच्या आधी ही बैठक झाली तर सोन्याहून पिवळं, कारण मग पॅटर्नवरच छोटे उंचवटे देऊन लोकेटरच्या जागा पक्क्या करता येतात.

क्लॅम्पबद्दल दोन गोष्टी. पहिली, क्लॅम्पचं काम जॉबला लोकेटरवर दाबून ठेवणं एवढंच. कापण्याचा जोर लोकेटरने झेलावा, क्लॅम्पने नव्हे. क्लॅम्प नेहमी खालच्या पॅडच्या अगदी वर यावा, दोन पॅडच्या मधल्या पोकळीवर नको. दुसरी गोष्ट स्ट्रॅप क्लॅम्पची. बोल्ट मधोमध असेल तर त्याचा निम्मा जोर जॉबवर आणि निम्मा मागच्या हील ब्लॉकवर जातो. बोल्ट जॉबकडे सरकवून अंतर एकास दोन केलं, तर दोनतृतीयांश जोर जॉबवर येतो. एम १२ बोल्ट ६० न्यूटन-मीटरला आवळला की साधारण अडीच टनांचा ताण मिळतो. तो हील ब्लॉकवर वाया घालवू नका. ब्लॉक जॉबपेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे क्लॅम्पचं नाक जॉबवर टेकतं. तो खाली राहिला तर क्लॅम्प जॉबच्या कडेवर टेकतो आणि जॉबला लोकेटरपासून दूर ढकलतो.

एकदा पहिल्या ऑपरेशनमध्ये दोन भोकं नेमकी पडली की पुढचं सगळं सोपं होतं. दुसऱ्या फिक्श्चरवर एका भोकात गोल पिन आणि दुसऱ्यात डायमंड पिन द्या. दोन्ही गोल पिना दिल्या तर भोकांच्या अंतरातल्या जराशा फरकानेही जॉब अडकतो आणि ऑपरेटर तो ठोकून बसवायला लागतो.

प्रश्न : ॲल्युमिनिअमची पातळ प्लेट व्हाइसमध्ये असताना सपाट मोजते, बाहेर काढली की वाकते. (अंबड, नाशिक)

उत्तर : दोन कारणं आहेत. बाजूंनी दाबल्याने प्लेट कमानीसारखी फुगते आणि तुम्ही तो फुगवटा कापून सपाट करता. शिवाय लाटलेल्या प्लेटमध्ये आतले ताण असतात. एका बाजूचा थर काढला की ते मोकळे होतात. दोन्ही बाजूंनी रफिंग करा, प्लेट पूर्ण सोडा, थंड होऊ द्या, मग हलकी धरून फिनिश करा. ॲल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, पोलादाच्या जवळपास दुप्पट, म्हणून गरम प्लेट मोजू नये. नग बरेच असतील तर व्हॅक्यूम प्लेट वापरा. वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो मिळतो, म्हणजे २० बाय ३० सेंटिमीटरच्या प्लेटला प्रत्यक्षात ५०० किलोच्या आसपास दाब येतो, तोही सगळीकडे सारखा. आडव्या जोरासाठी कडेला स्टॉपर मात्र द्यावेच लागतात. तळहाताएवढ्या जॉबला व्हॅक्यूम पुरत नाही.

प्रश्न : झिरो पॉइंट क्लॅम्पिंगची फार जाहिरात ऐकतो. छोट्या शॉपला परवडेल का? (सांगली)

उत्तर : टेबलावर किंवा पॅलेटखाली बसवलेल्या यंत्रणेत पुल-स्टड अडकतो. स्प्रिंग त्याला धरून ठेवते आणि सोडण्यापुरतीच हवा किंवा तेलाचा दाब लागतो. वीज गेली किंवा हवा संपली तरी जॉब सुटत नाही, हा मोठा गुण. चांगल्या यंत्रणेत पॅलेट पुन्हा बसवल्यावर ५ मायक्रॉनच्या आत त्याच जागी येतं, म्हणून डायल फिरवणं आणि नवा ऑफसेट घेणं वाचतं.

दिवसातून तीन-चार वेळा सेटिंग बदलत असेल, नग थोडे आणि प्रकार अनेक असतील, तर घ्याच. वर्षभर एकच जॉब चालत असेल तर त्यात पैसे घालू नका. तिथे हायड्रॉलिक फिक्श्चर जास्त कामाचं. मात्र त्यात चेक व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच हवेतच, आणि दाब उतरला की मशिन थांबेल अशी जोडणी हवी.

या दोन्हीच्या आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे सबप्लेट. टेबलावर जाड प्लेट कायमची बसवा, तिच्यावर ५० मिलिमीटरच्या अंतराने डॉवेलची भोकं आणि आटे करून घ्या. प्रत्येक फिक्श्चरखाली त्याच अंतराची एक गोल आणि एक डायमंड पिन द्या. फिक्श्चर उलटं बसू नये म्हणून एक पिन मुद्दाम वेगळ्या मापाची करा. जी ५४ च्या नोंदी फिक्श्चरवरच कोरून ठेवा. हे काम तुमच्याच मशिनवर, मंदीच्या आठवड्यात होतं. तासभराची सेटिंग दहा-पंधरा मिनिटांवर आणायला एवढं पुरतं.

प्रश्न : लोडिंगचा वेळ वाचवायला आमच्याकडे दाराचा इंटरलॉक बायपास केला आहे. सगळेच करतात. चालेल ना? (वाळूज)

उत्तर : नाही चालणार. १०,००० आरपीएमला ५० मिलिमीटरच्या कटरची कड सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर वेगाने फिरते. इन्सर्ट तुटला किंवा जॉब सुटला तर तो त्या वेगाने बाहेर येतो आणि मधे असतो तो तुमचा माणूस. दार उघडं ठेवून वाचतात ते दहा-वीस सेकंद. तेवढे सेकंद वर सांगितलेल्या कुठल्याही एका बदलातून निघतात. आजच्या पाळीला इंटरलॉक पूर्ववत करा आणि नवं फिक्श्चर चढवाल तेव्हा पहिला नग दार बंद ठेवून, कमी फीडवरच चालवा.